दावण दोन : नाही

माझा हात रुमालाखाली पहिल्यांदा गेला तेव्हा माळसुंडीचा अख्खा बाजार हसला होता. बाईमाणूस सौदा करतंय म्हणून. हसणाऱ्यांपैकी निम्मे आता वर गेले. उरलेले माझ्या दारात गाय लावायला घेऊन येतात. हसायचं कोणी, ते आता मी ठरवते.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर रुमाल पडतो आणि आत बोटं दाबून भाव होतो. एक बोट म्हणजे एक, मूठ म्हणजे पाच, असं ठरलेलं असतं. तोंडानं गप्पा चालतात पाण्याच्या, पोरांच्या लग्नाच्या. भोवतीची माणसं डोळे ताणून बघतात, पण त्यांना दिसतो तो फक्त रुमाल हलताना. हिशेब ऐन रंगात असतो आणि तरीही झाकलेला असतो. हे ध्यानात ठेवा, कारण हीच गोष्ट यंत्राला जमवताना जगातल्या शहाण्यासुरत्यांचा घाम निघाला.

मी कोंडाबाई लवटे. शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी मास्तरांनी दया करून दिलेली. पण खिलार जनावर दुरून चालताना बघून त्याची आई कोण ते सांगते. पाच तालुक्यांत खिलार वळू म्हटलं की दोनच. एक आमचा पाखऱ्या आणि दुसरा दाजीबा यमगरांचा इंद्र्या. दोघांची पोरंनातवंडं इतकी झाली, की माळावर डोळे झाकून दगड मारला तरी तो त्यांच्याच कुठल्यातरी सोयऱ्याला लागावा. आणि दुखणं तिथंच सुरू झालं.

वासरं जन्मायची, डोळे टपोरे, अंग तुकतुकीत, आणि मागच्या पायांवर उभीच राहायची नाहीत. माझ्या चंद्री गाईला असं वासरू झालं. मी आणि सुनेनं पोटाखाली गोणपाट घालून त्याला धरून उभं केलं. चंद्रीनं चाटलं. गोणपाट सोडलं की ते बसायचं. वासरू गेल्यावरही चंद्री त्या कोपऱ्याकडे तोंड करून हंबरायची, आणि मी, जिला कोणाच्या मर्तिकात रडताना कोणी पाहिलं नाही, गोठ्यात जायचं टाळू लागले.

आमचे गुरांचे डॉक्टर मुजावर. त्यांनी समजावलं. "आक्का, रक्तातला दोष आहे. एक वाटा आईकडून, एक बापाकडून. दोन्ही वाटे जमले की वासरू असं होतं. ज्याच्याकडं एकच वाटा, ते जनावर ठणठणीत. त्याला स्वतःला काही होत नाही, पण पुढं देतं."

म्हणजे आकडे तीन. शून्य निर्दोष, एक झाकलेला, दोन उघडा. सगळ्या जनावरांचं रक्त तपासलं, ज्याचा त्याचा आकडा आणि वंशावळ कानातल्या बिल्ल्यात कुलूपबंद झाली, आणि आकडा फक्त मालकाच्या कानात सांगितला गेला. पाखऱ्याचा आकडा डॉक्टरांनी मला सांगितला. तो मी नवऱ्याच्या फोटोलाही सांगितला नाही.

ज्याचा वळू एक, त्याच्या दारात गाय कोण आणणार? त्यामुळे सगळे म्हणायचे, आमचा शून्य. सगळेच शून्य, तर ती वासरं काय आभाळातून पडत होती?

आता सुनेचं सांगते. सुकन्या माझी सून, इचलकरंजीची. तिकडच्या रीतीनं मला आत्या म्हणते. नवरा पुण्याला विजेच्या टेम्पोंच्या कारखान्यात, आणि ही इथं घरी, मांडीवर लॅपटॉप. मी चारचौघींत म्हणायचे, "आमची सून फार कष्टाळू. बसून बसून उठताच येत नाही." ती ऐकायची आणि लॅपटॉप घेऊन गोठ्याच्या सावलीत, माझ्या समोरच येऊन बसायची. तेव्हाच ओळखायला हवं होतं की ही माझ्याच वाणाची आहे.

एकदा शेण भरता भरता मी विचारलं, "एवढं काय बडवतीस गं? कुणाची चाकरी?"

"कर्नेलची, आत्या."

"पलटणीत हाय व्हय?"

ती हसली. "यंत्राचा कारभारी आहे तो. सगळ्यात आतला प्रोग्राम. कुठल्या कामाला किती जागा द्यायची, कोणाला कुठं बांधायचं, तो बघतो. जगभरातली माणसं मिळून लिहितात. माझ्याकडं त्यातला एक कोपरा आहे."

"कुठला?"

"गुपित पेटीत ठेवलं तर कुलूप लावता येतं. वाटेनं पाठवलं तर बंद करून पाठवता येतं. पण हिशेब करायचा म्हटला की उघडावं लागतं. यंत्र हिशेब करतं तेव्हा सगळं मेमरीत मांडलेलं असतं, उघडं. तिथवर ज्याचा हात पोचला त्यानं वाचलं. आताचे प्रोसेसर मेमरीतसुद्धा झाकूनच ठेवतात. किल्ली त्यांच्या पोटात. यंत्र बंद केलं की ती किल्ली मरते, चालू केलं की नवीन होते. कोणी मेमरी उपटून नेली तरी त्याच्या हाती नुसता भुसा."

मी पाटी खाली ठेवली. "म्हंजे रुमालच की गं."

"रुमालच."

"मग त्यात तू काय करतीस?"

"रुमाल फाटका नाही ना, ते बघते."

मग तिनं जे सांगितलं ते मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. मेमरीच्या पट्ट्या असतात आणि त्या गटागटानं लावलेल्या असतात. त्या गटाला आम्ही घरात दावण म्हणू लागलो. पूर्वी यंत्र नुसतं प्रोसेसरला विचारायचं, तुला झाकता येतं का? तो म्हणायचा, येतं. झालं, सगळे निर्धास्त. पण दावणीला बांधलेल्या एकेका पट्टीवर ते झाकण बसतं का, हे कोणी विचारतच नव्हतं. काही पट्ट्या अशा असतात की रुमाल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सुकन्याचा कर्नेल यंत्र चालू होतानाच सगळ्या पट्ट्यांची विचारपूस करतो आणि दावणीपुढं लिहून ठेवतो, होय किंवा नाही. बाकीच्या सगळ्या चांगल्या आणि एकच उघडी असली तरी त्या दावणीपुढं 'नाही'.

"बहुतेक होय, असं काही नसतं आत्या," ती म्हणाली.

मला हा स्वभाव आवडला. तोंडावर सांगितलं नाही. सुना लगेच शेफारतात.

पण त्याच दुपारी मी मुजावर डॉक्टरांना फोन केला. असलं यंत्र दवाखान्यात बसवायचं, गाय आणि वळू दोघांचे बिल्ले त्यानं वाचायचे, आतल्या आत हिशेब करायचा आणि फक्त दिवा लावायचा. हिरवा म्हणजे लावा, तांबडा म्हणजे नका लावू. नातं जवळचं पडलं तरी तांबडाच आणि दोष जुळला तरी तांबडाच, त्यामुळे कोणाचा आकडा काय, हे दिव्यावरून कोणालाच कळणार नाही. ज्याचा आकडा एक, तो वळूही वाया जात नाही. त्याला शून्याची गाय मिळाली की वासरू उभं राहतं.

पैदासकार संघाच्या बैठकीत दाजीबा उठले. संघाचे अध्यक्ष, तांबडा फेटा माणसापेक्षा मोठा. "कोंडाक्का, तुझी सून यंत्रावर बसणार आणि आमच्या इंद्र्याचं सगळं तुझ्या चुलीपर्यंत येणार. आम्ही काय बोळ्यानं दूध पितो व्हय?"

मी सुकन्याला सगळ्यांसमोर उभी केली. "पोरी, आमच्या पाखऱ्याचा आकडा तुला दिसतोय?"

"नाही, आत्या."

"घरची सून असून?"

"घरची सून असून."

"ऐकलंस दाजीबा? तिला माझाच दिसंना, तुझा काय दिसतोय! रुमालाखालचं रुमालाखालीच राहील, हा लवट्यांचा शब्द. मोडला तर पाखऱ्याचं दावं मी स्वतः सोडीन, पुन्हा त्याला गाय लावणार न्हाय."

असं बोलताना मला फार बरं वाटतं. नंतर त्याची किंमत कळते.

यंत्र बसलं. त्या हंगामातली वासरं जन्मली आणि तासाभरात उभी राहून आयांना ढुशा देऊ लागली. चंद्रीलाही पाडी झाली. मी तिला उभं राहायला हातसुद्धा लावला नाही, मुद्दाम.

मग आली चैतातली जत्रा. पाच तालुक्यांची जनावरं उतरणार, यंत्राला काम झेपणार नाही, अशी चर्चा संघात झाली. दाजीबांनी छाती पुढं काढली. नवीन, मोठ्या मेमरीच्या पट्ट्या त्यांनी आणवल्या, त्यांच्या वडलांच्या, मारुतीबुवांच्या स्मरणार्थ. आमच्याकडे देवळाच्या पायरीवर नाव, शाळेच्या पंख्यावर नाव, मग यंत्र कसं सुटेल? दवाखान्यात नारळ फुटला, पट्ट्यांना हळदकुंकू लागू नये म्हणून सुकन्यानं ते वरच्यावर खोक्याला लावायला लावलं. जुन्या पट्ट्या काढून डॉक्टरांच्या कपाटात गेल्या. दाजीबांच्या पट्ट्या दुसऱ्या दावणीत बसल्या आणि यंत्रावर पितळी पाटी लागली. पट्ट्या आणून देणारा माणूस दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाराच होता. तो वळूंच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या विकणाऱ्या एका कंपनीचाही माणूस होता, आणि त्या कंपनीला आमच्या वळूंची गुपितं साखरेसारखी गोड लागली असती. त्यानं मुद्दाम झाकण न बसणाऱ्या पट्ट्या दिल्या की अडाणीपणानं, देव जाणे.

जत्रेच्या सकाळी यंत्र चालू केलं. दिवा लागला नाही. पडद्यावर मराठीत, कारण तसं लिहायला मीच सांगितलं होतं, दोन ओळी आल्या :

दावण एक : होय.
दावण दोन : नाही.

आणि खाली : काम होणार नाही.

बाहेर गाईंची रांग चिंचेपर्यंत गेलेली. माजावर आलेल्या गाई. माज काय यंत्रासाठी थांबतो? दुपार कलली की संपला, मग तीन आठवडे बसा. ओरडा सुरू झाला. कोणी म्हणालं, सरळ वळू सोडा. कोणी म्हणालं, लवट्यांचं यंत्र लवट्यांसारखंच, नुसतं तोंड. हे म्हणणारा कोण ते मी बघून ठेवलं.

"पहिल्या दावणीवरच भागव की," मी सुनेला म्हटलं.

"भागेल, पण अर्ध्या रांगेला उद्या यावं लागेल."

मी तिला कपाटाआड घेतलं. "मग एक शब्द बदलायचा हाय न्हवं? 'नाही'चं 'होय' कर. जत्रा पार पडू दे."

"होतं ते आत्या. पटकन होतं."

"मग कर."

"नाही."

आमच्या घरात मला 'नाही' म्हणणारी दोनच. एक ती आणि दुसरं तिचं यंत्र.

"सासू सांगतीय तुला!"

"शब्दही सासूनंच दिलाय." तिची मान वर होती. "फाटका रुमाल दिसला तर माणूस हात मागं घेतो. मी 'होय' लिहिलं तर तो विश्वासानं हात घालेल. सगळे बिल्ले उघड्या पट्ट्यांवर मांडले जातील. तुमचाही."

मी काही बोलणार तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. कंपनीचा तो माणूस चौकटीला टेकून उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर फिरवत, पडद्याकडे बघत. यंत्र खोलायचा हक्क त्याच्याकडे, पट्ट्या काढायचा हक्क त्याच्याकडे. आणि रांगेत सगळ्यात पुढं, झूल पांघरून, माझा पाखऱ्या. त्याचा कान हलला तसा बिल्ला चमकला.

"नको करू," मी म्हणाले. "उपाय सांग."

"डॉक्टरांच्या कपाटात जुन्या पट्ट्या आहेत. त्या परत लावल्या की झालं. पण या काढाव्या लागतील."

काढणार कोण? दाजीबांनी ऐकलंच. ते आणि त्यांचे तिन्ही पोरगे दवाखान्यात शिरले.

"माझ्या बापाचं नाव उपटायचं? भरल्या जत्रेत?" त्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. "ते 'नाही' तुझ्या सुनेनंच लिवलंय कोंडाक्का. इंद्र्याचा मान बघवंना तुला. हात लावून तर बघा यंत्राला!"

"दाजीकाका, मी कोणाचं नाव बघून लिहीत नाही," सुकन्या म्हणाली. "माझ्या बापाच्या पट्ट्या असत्या तरी हेच आलं असतं."

"गप! मोठी माणसं बोलतायत."

माझ्या जिभेवर त्या वेळी जे आलं होतं, त्यानं यमगर आणि लवटे पुढच्या तीन पिढ्या एकमेकांच्या दारात गेले नसते. ते मी गिळलं. मला अशी सवय नाही. कमरेचा रुमाल सोडला, उजव्या हातावर टाकला आणि दाजीबांपुढं धरला.

"हात दे."

"काय इकायचंय?"

"हात दे म्हटलं."

भोवती माणसं जमली होती. भर बाजारात रुमाल पुढं आला आणि हात दिला नाही, असा माणूस आमच्या माणदेशात जन्मलेला नाही. दाजीबांनी हात घातला. खडबडीत, तापलेला हात.

"माझा हात रुमालाखाली पैल्यांदा गेला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तो तुझ्या बापाच्या हातात. सगळा बाजार हसला. मारुतीबुवा हसलं न्हाईत. गप उभं राहून सौदा केला. काय ठरलं ते मरेस्तोवर कुणाला सांगितलं न्हाय."

दाजीबांची नजर जरा खाली आली. "न्हाय सांगितलं. आमच्या आईनं इचारलं तरी न्हाय."

"पाखऱ्या बरा हाय औंदा," मी म्हणाले, गप्पा मारल्यासारखं. आणि आत, रुमालाखाली, मी एक बोट दाबलं.

एकच. मग सोडलं, आणि खातरीसाठी पुन्हा तेच एक.

आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. त्यांची बोटं जागच्या जागी थांबलेली मला जाणवली. या माणसानं तोंड उघडून एक शब्द टाकला असता तर लवट्यांचा गोठा त्या दुपारी बसला असता. मी सुरी त्यांच्या हातात दिली होती आणि मूठ त्यांच्याकडे केली होती. कपट करायचं असतं तर असं कोणी करत नाही, एवढं त्यांना जनावराच्या बाजारानं शिकवलं होतं. आणि मी ते जिथं दिलं तिथं बाहेरचा कोणी बघू शकत नव्हता, हेही त्यांना कळलं. उघड्या पट्टीवर सगळ्यांचं हेच पसरलं असतं.

बाहेर एक गाय हंबरली. कोणीतरी विचारलं, "पाखऱ्या इकतीय का काय म्हातारी?"

"इंद्र्या बी बरा हाय," दाजीबा हळूच म्हणाले. आणि त्यांची बोटं हलली.

मग त्यांनी हात बाहेर काढला, तोच हात फेट्यावरून फिरवला आणि पोरांकडे वळले. "सौदा झाला."

"कसला, आबा?"

"तुला काय करायचंय? ती पाटी काढ. माझ्या बापाचं नाव यंत्राच्या पोटात कशाला कोंडायचं, जत्रेच्या हौदावर लावा. सगळी जनावरं पाणी पितील तितं. आन् पट्ट्या शाळेतल्या हवामानाच्या यंत्राला द्या. वारं किती सुटलं ते झाकायचं नसतं." मग कंपनीच्या माणसाकडे बघितलं. "तू बाहेर हो. सूनबाई लावंल."

सूनबाई! माझ्या सुनेला. मी हे सोडून दिलं.

सुकन्यानं जुन्या पट्ट्या बसवल्या. तिच्या कपाळावरचा घाम मी पदरानं पुसला, तिच्या हातांना काम होतं म्हणून, दुसरं काही नाही. यंत्र पुन्हा चालू झालं. नवी किल्ली तयार झाली असेल, त्याच्या पोटात.

दावण एक : होय.
दावण दोन : होय.

हिरवा दिवा लागला आणि रांग हलली.

घरी येताना टेम्पोत सुकन्या माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "आत्या, रुमालाखाली काय झालं?"

"तुला दिसलं?"

"नाही."

"घरची सून असून?"

ती खिडकीकडे तोंड करून हसत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या लॅपटॉपसाठी गोठ्यात मी पंखा लावून घेतला. पंख्यावर कोणाचं नाव घातलं नाही.

पाखऱ्या आता थकलाय, कडबा भिजवून द्यावा लागतो. त्याचा आकडा एक होता. तो माझा होता, म्हणून आज लिहिला. आपल्या हातावरचा रुमाल काढायचा तर आपणच काढायचा.

दाजीबांची बोटं काय म्हणाली, हे विचारायला अजून लोक येतात. त्यांना मी चहा पाजते.